नौका निवृत्त झाल्यावर

नवी नौका पाण्यात सोडण्याचा समारंभ सर्व देशांत थाटाने होतो. नारळ फुटतो, पताका फडकतात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून छायाचित्रे येतात. तीच नौका वीस-तीस वर्षांनी निकामी झाल्यावर तिचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र त्या समारंभात कोणी विचारीत नाही. तो विचारणे अशुभ मानले जात असावे. परंतु जलयानांच्या व्यवहाराचा अनुभव असा आहे की, हा प्रश्न जितका उशिरा विचारला जातो, तितके त्याचे उत्तर महाग पडते. आणि ती किंमत बहुधा जहाजाच्या धन्याला न पडता मजुराला, कोळ्याला, नावाड्याला आणि नदी-समुद्राला द्यावी लागते.

वाराणसीच्या संदर्भात हा प्रश्न आज उपस्थित करण्यास सबळ कारण आहे. हल्दिया ते प्रयागराज हा गंगेवरील १,६२० किलोमीटरांचा जलमार्ग १९८६ साली ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १’ म्हणून घोषित झाला. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी रामनगर येथील मालधक्क्याचे उद्घाटन झाले व कोलकात्याहून निघालेली १६ कंटेनरांची पहिली खेप तेथे उतरली. १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ ही प्रवासी नौका वाराणसीहून दिब्रुगढच्या सुमारे ३,२०० किलोमीटरांच्या सफरीस निघाली. २०२१ नंतरच्या काळात घाटांवरील डिझेलच्या नावांना नैसर्गिक वायूवर चालणारी इंजिने बसविण्याची मोहीम हाती घेण्यात आली. कोचीच्या जहाजबांधणी कारखान्यात बांधलेली, हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणारी नौकाही वाराणसीच्या पाण्यात आली आहे. थोडक्यात, ज्या नदीवर शतकानुशतके लाकडी नावेचे राज्य होते, तेथे पोलाद, काचतंतू, विद्युत्‌घट आणि दाबाखालील वायूच्या नळकांड्या यांचे नवे दल उभे राहत आहे. या दलाच्या निवृत्तीची तरतूद त्याच्या जन्माच्या वेळीच झाली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. आणि त्याचा पुरावा गंगेपासून फार दूर, मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात सापडतो.

समुद्रातील कामकरी याने

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, साधारणतः ७५ मीटर खोल पाण्याखाली ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. तेथील पहिली विहीर ‘सागर सम्राट’ या वेधन-यानाने १९७४ च्या प्रारंभी खोदावयास घेतली व त्याच वर्षी फेब्रुवारीत तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. एक रुपयाच्या जुन्या नोटेच्या मागील बाजूस समुद्रात उभा असलेला जो मनोरा दिसतो, तो याच ‘सागर सम्राट’चा होय.

तेल-व्यवसायात अशा यानाला ‘रिग’ म्हणतात. जपानमध्ये बांधून १९७३ साली आणलेले हे यान पाय टेकून उभे राहणाऱ्या जातीचे आहे. त्याची रचना समजण्यास अवघड नाही. सपाट तळाचा एक प्रचंड तराफा आणि त्यातून वर-खाली सरकणारे उंच जाळीदार पाय, एवढेच त्याचे मुख्य अंग. ओढबोटींनी तराफा नेमलेल्या जागी नेऊन उभा केला, की पाय खाली सोडतात; ते तळाच्या मातीत रुतून पक्के बसले, की यंत्रांच्या साहाय्याने तराफाच त्या पायांवर वर चढू लागतो आणि लाटांच्या माऱ्याबाहेर जाऊन थांबतो. मग वेधन सुरू होते. लांबच लांब नळ्यांच्या टोकाशी फिरणारे पाते खडक फोडते. नळ्यांतून दाट चिखल खाली सोडला जातो. तो खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने विहिरीतील तेल-वायूचा दाबही आवरून धरतो. तो आवर सुटल्यास विहीर बंद करण्यासाठी तिच्या तोंडाशी अवजड झडपांचा संच असतो. हे सर्व यथास्थित चालले, तर खोदणी संपल्यावर यान पाय उचलून दुसऱ्या जागी जाते.

परंतु असे यान एकटे जगू शकत नाही. त्याला गोडे पाणी, धान्य, इंधन, सिमेंट, नळ्या आणि माणसे सतत पोहोचवावी लागतात. हे काम साहाय्यक नौकांचे. कोणी केवळ माल वाहते, कोणी नांगर टाकते व उचलते, कोणी आग विझविण्याच्या तयारीत जवळ घुटमळते, तर कोणी पाणबुड्यांना घेऊन तळावरील नळमार्गाची डागडुजी करते. त्यांपैकी काही नौका वारा व प्रवाह यांचा सतत हिशेब करणाऱ्या यंत्रणेच्या बळावर, नांगर न टाकता, एकाच जागी स्थिर राहतात. मंचावरील तेल वृत्तपत्रांत गाजते. या नौकांचे नाव सहसा कानी पडते ते अपघाताच्याच वेळी.

२७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ ही अशीच एक साहाय्यक नौका एका जखमी कामगाराला उतरविण्यासाठी ‘मुंबई हाय उत्तर’ या मंचाजवळ आली. खवळलेल्या समुद्रात ती मंचाच्या उभ्या वायुनळ्यांवर आदळली, वायू गळला आणि पेटला. सुमारे दोन तासांत तो मंच नाहीसा झाला. ३६२ जणांना वाचविण्यात आले. २२ जण दगावले. पेटलेली नौकाही पुढे काही दिवसांनी बुडाली. १७ मे २०२१ रोजी ‘ताउते’ चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगर तुटून भरकटला व बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांपैकी सत्तरहून अधिक मृत्युमुखी पडली. या तराफ्याला स्वतःचे चालक यंत्र नव्हते. संकटसमयी त्याला ओढून नेणारी दुसरी नौका लागणार, हे त्याच्या रचनेतच लिहिलेले होते. यानाचा दुबळेपणा ज्याला ठाऊक आहे, त्याने त्याची तजवीज आधी करावयाची असते, हा या दुर्घटनेचा धडा आहे. आणि तो निवृत्तीच्या प्रश्नालाही तितकाच लागू पडतो.

निवृत्तीच्या चार वाटा

यान निवृत्त होते ते केवळ जुने झाले म्हणून नव्हे. २०१४ च्या मध्यास खनिज तेलाचा भाव पिंपास शंभर डॉलरांच्या वर होता; जानेवारी २०१६ मध्ये तो तिसाच्या खाली गेला. तेवढ्या अवधीत जगभरची असंख्य वेधन-याने व साहाय्यक नौका बेकार होऊन बंदरांत व खाड्यांत नांगरून पडल्या. त्यांतील कित्येकांचे यंत्र अद्याप चांगले होते. बाजाराने त्यांना म्हातारे केले.

अशा यानापुढे चार वाटा असतात. पहिली वाट नव्या कामाची. ‘सागर सम्राट’च्या वाट्याला ती आली. सव्वाशेच्या आसपास विहिरी खोदल्यावर त्याचे रूपांतर तेल-वायूवर प्रक्रिया करणाऱ्या फिरत्या उत्पादन-केंद्रात करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा मुंबईजवळच्या समुद्रात कामाला लागले. हे रूपांतर अपेक्षेपेक्षा बरेच लांबले, हेही नमूद केले पाहिजे. जुन्या सांगाड्यावर नवे काम चढविणे नेहमीच स्वस्त ठरते, असे नाही.

दुसरी वाट सन्मानाची. अमेरिकेतील ‘मिस्टर चार्ली’ हे १९५४ साली कामास लागलेले वेधन-यान आज लुइझियाना राज्यात संग्रहालय म्हणून उभे आहे. त्याच देशात काही जुन्या मंचांचे पोलादी सांगाडे साफ करून समुद्रतळावर आडवे ठेवतात आणि त्यांवर मासळीची वस्ती वाढते. परंतु हजारोंपैकी थोड्यांनाच हे भाग्य लाभते.

तिसरी वाट भंगाराची, आणि बहुतेकांची हीच. गुजरातेतील अलंग येथे १९८३ पासून जहाजे मोडली जातात. तेथील भरती फार मोठी असल्याने जहाज भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्यावर चढविता येते व ओहोटीला ते कोरडे पडते. मुंबईतील दारूखान्यातही जहाजे मोडण्याचा धंदा दीर्घकाळ चालत आला. या धंद्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. यानातील पोलाद पुन्हा वितळते, यंत्रे पुन्हा विकली जातात, हजारो हातांना काम मिळते. प्रश्न आहे तो हे काम कसे होते, याचा. टाकीत उरलेला वायू गॅसच्या ज्योतीने भडकतो. जुन्या आवरणांत ॲस्बेस्टॉस असते. तेलाच्या नळ्यांत साचलेल्या पुटांत कधी कधी किरणोत्सारी द्रव्येही आढळतात. १ नोव्हेंबर २०१६ रोजी पाकिस्तानातील गडानी येथे तेलाचे अवशेष असलेल्या एका जहाजाला मोडणीच्या वेळी आग लागून पंचवीसहून अधिक मजूर दगावले. जहाजात काय शिल्लक आहे, याची खरी यादी आधी हाती असती, तर असे प्रसंग पुष्कळ अंशी टळू शकतात.

चौथी वाट टाकून देण्याची. १९९५ साली उत्तर समुद्रातील ‘ब्रेंट स्पार’ ही तेलसाठ्याची प्रचंड टाकी खोल समुद्रात बुडविण्याचा बेत झाला. लोकक्षोभामुळे तो सोडावा लागला आणि अखेर तिचे तुकडे नॉर्वेत एका धक्क्याच्या पायात वापरले गेले. पुढे १९९८ साली ईशान्य अटलांटिकच्या किनारी राष्ट्रांनी जुने मंच समुद्रात टाकण्यास, काही मोजके अपवाद सोडून, बंदी केली. तीन वर्षांपूर्वी जो व्यावहारिक उपाय म्हणून मांडला गेला होता, तो तीन वर्षांनी निषिद्ध ठरला. लोकमत आणि कायदा यानाच्या आयुष्यापेक्षा लवकर बदलतात, हेही बांधणाऱ्याने ध्यानात ठेवावयास हवे.

तरतूद कोणी व केव्हा करावी

या साऱ्या अनुभवातून तेल-व्यवसायाने एक साधे तत्त्व स्वीकारले: विहीर दूध देत आहे तोवरच तिच्या अंत्यविधीचा पैसा बाजूला काढावयाचा. उत्पादन थांबल्यावर मंच उतरविणे हा निव्वळ खर्च असतो. त्यातून कपर्दिकही मिळकत होत नाही. म्हणून त्या वेळी पैसा मागितला, तर तो कोणाच्याच खिशात नसतो. भारतातही तेलक्षेत्रांसाठी असा स्थळ-पुनःस्थापना निधी ठेवण्याची योजना १९९९ पासून आहे. तिचे फळही दिसले. मुंबईच्या उत्तरेस असलेल्या ताप्ती वायुक्षेत्रातील पाच मंच उतरविण्याचे व ३८ विहिरी कायमच्या बुजविण्याचे काम २०२५ साली पुरे झाल्याचे जाहीर झाले. समुद्रातील मंच रीतसर उतरविण्याचा भारतातील हा पहिलाच प्रकल्प होय.

जहाजमोडणीविषयीही नियम झाले. २००९ साली हाँगकाँग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१९ मध्ये मान्यता दिली, त्याच वर्षी देशात स्वतंत्र कायदा केला, आणि २६ जून २०२५ पासून तो करार जगात अंमलात आला. प्रत्येक जहाजावर घातक द्रव्यांची यादी बाळगणे व मान्यताप्राप्त ठिकाणीच ते मोडणे, हे त्याचे सार. करारातील ‘जहाज’ या शब्दात तरंगती व पाय टेकून उभी राहणारी वेधन-यानेही येतात.

परंतु येथेच गंगेचा प्रश्न पुढे येतो. ५०० टनांखालील जहाजांना, तसेच जी जन्मभर स्वदेशाच्याच पाण्यात फिरतात त्यांना, हा करार लागू नाही. म्हणजे काशीच्या घाटांवरील जवळजवळ सर्व नौका त्याच्या कक्षेबाहेर राहतात. १९१७ चा कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. त्यात नोंदणी, तपासणी, विमा व प्रदूषण-नियंत्रण यांची व्यवस्था आहे. समुद्रावरील जहाजाच्या निवृत्तीला जी शिस्त लागली, ती नदीवरील नौकेच्या निवृत्तीलाही लावणे, हे त्यापुढील पाऊल होय.

गंगेची जुनी शिकवण

गंगेवर यांत्रिक नौका काही आजच आलेल्या नाहीत. १८३४ पासून कोलकाता ते अलाहाबाद या मार्गावर लोखंडी आगबोटी चालत असत. १८६२ साली आगगाडी मुघलसरायपर्यंत पोहोचली आणि पुढे त्या आगबोटींची सद्दी संपली. बोटी जुन्या झाल्या नव्हत्या. रूळ आले होते. गंगेवरील आजचे नवे दलही अशाच एखाद्या बदलाने अकाली निवृत्त होऊ शकेल. जलमार्गाची खोली टिकली नाही, भाडे परवडले नाही किंवा अधिक चांगले इंधन निघाले, तरी तेवढे कारण पुरे होईल.

जुन्या लाकडी नावेची गोष्ट निराळी होती. तिची फळी सडली, तर तेवढीच फळी बदलत. फटींत सूत ठासून वर डांबर फिरवीत. आणि अगदीच थकली, तर खिळे काढून घेऊन लाकूड चुलीत घालीत. नदीला तिच्यापासून उपद्रव नव्हता. याच परंपरेतले ‘बंडाल’ आजही उपयोगी पडतात. उथळ जागी बांबूचे ताटवे प्रवाहाला तिरके रोवले, की पाणी मधल्या पात्रात लोटले जाते व प्रवाह स्वतःच गाळ खरवडून वाट खोल करतो. हंगाम संपला, की बांबू काढून घ्यावयाचे. गाळ उपसणाऱ्या अवजड यांत्रिक नौकेला हे सर्वत्र पर्याय होऊ शकत नाही. पण ज्या साधनाची निवृत्ती सोपी आहे, ते शक्य तेथे आधी वापरावे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

नव्या साहित्याला हे सुख नाही. काचतंतूची नाव लोखंडासारखी वितळत नाही, की लाकडासारखी सुखाने जळत नाही. निकामी झालेल्या अशा नावा ही अनेक देशांच्या किनाऱ्यांवरची डोकेदुखी झाली आहे. विद्युत्‌घट निष्काळजीपणे फोडले, तर पेट घेतात. नैसर्गिक वायूच्या नळकांड्यांची ठरावीक मुदतीने दाबाची परीक्षा करावी लागते. त्या परीक्षेत नापास झालेले नळकांडे दुसऱ्या नावेवर गुपचूप चढणार नाही, याची खात्री कोणीतरी द्यावयास हवी. आणि नवे इंजिन बसविल्यावर काढलेल्या जुन्या डिझेल इंजिनाचे काय झाले, हा प्रश्न तर आजच विचारण्याजोगा आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर असे म्हटले जाईल की, जलवाहतूक अद्याप बाल्यावस्थेत आहे. तिच्यावर आताच नवा बोजा घातला, तर ती खुंटेल. आणि घाटावरचा गरीब निषाद नावाडी हा खर्च कोठून करणार? आक्षेपाचा पहिला भाग दुबळा व दुसरा सबळ आहे. पाण्यावरून माल नेण्यास रस्त्यापेक्षा इंधन कमी लागते, हा या मार्गाचा मोठा गुण होय. त्यातून वाचलेल्या पैशातील अल्प अंश बाजूला ठेवल्याने व्यवसाय खुंटणार नाही. व्यवसाय बाल्यावस्थेत असतानाच अशी सवय लावणे सोपे असते. नावाड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. नवे इंजिन त्याने स्वतःच्या हौसेने घेतलेले नाही. नदीच्या व नगरीच्या हितासाठी ते त्याला दिले गेले. म्हणून त्याच्या जुन्या-नव्या साहित्याची विल्हेवाट लावण्याचा भार सार्वजनिक निधीनेच उचलणे न्याय्य होईल. मालवाहू व प्रवासी कंपन्या, तसेच गाळ उपसणारी सरकारी खाती यांनी मात्र आपला वाटा प्रत्येक नौकेच्या नोंदणीच्या दिवशीच भरावा.

याकरिता अवघड असे काही करावे लागणार नाही. प्रत्येक यांत्रिक नौकेबरोबर तिच्यातील साहित्याची व घातक द्रव्यांची यादी असावी. नदीच्या मुख्य प्रवाहापासून व घाटांपासून दूर, पुराच्या रेषेच्या वर, नौका ओढून घेऊन मोडण्याचा एक फरसबंद तळ असावा. तेथील तेलकट पाणी नदीत परत जाऊ नये. तेथे काम करणाऱ्यांना वायूची तपासणी व ज्योतीचा वापर यांचे शिक्षण मिळावे. नावा बांधणाऱ्या कारागिरांच्या मुलांना हे शिक्षण आधी द्यावे. कारण नाव जोडणे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती नीट सोडविता येते. या तळाचा खर्च पन्नास वर्षांनी नव्हे, तर आज ठरवावा.

काशीत मराठी मंडळींनी बांधलेले घाट पुष्कळ आहेत. त्यांपैकी बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट आपल्याच भाराने खचला. बांधणाऱ्यांची श्रद्धा कमी नव्हती, खर्चही कमी नव्हता. नदीकाठची जमीन किती भार किती काळ सोसेल, हा हिशेब मात्र चुकला. गंगेच्या पात्रात आज नवा भार उतरत आहे. ज्या नगरीत अखेरची तरतूद वेळीच करून ठेवणे हे शहाणपण मानले जाते, तेथे नौकांच्या बाबतीत तरी निराळी रीत असण्याचे कारण नाही. पुढच्या नौकेला नारळ फोडण्यापूर्वी तिच्या मालकाला एकच प्रश्न विचारला जावा: ही थकल्यावर कोठे जाईल, आणि तो खर्च कोणी बाजूला ठेवला आहे? उत्तर लेखी मिळाल्यावर मगच तिला पाण्यात सोडावे.